अर्थाचा अनर्थ

ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणतो. हेडलाइट लावले तर रस्त्यावर कंदिलाएवढा पिवळट उजेड पडतो. आणि सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की 'कट्ट'... बस्स, एवढंच. अशी गाडी कुणी तुमच्यासमोर आणून उभी केली तर काय म्हणाल? देहूरोडमधल्या दोन आणि निगडीतल्या एका गॅरेजवाल्याने एकच उत्तर दिलं, "वायरिंग गेलंय. पूर्ण हार्नेस बदला." खर्च ऐकून मामा नुसतेच "बरं" म्हणाले आणि गाडी घरी घेऊन आले.

गाडी म्हणजे मारुती ओम्नी, २००९ सालची, कंपनीतूनच एलपीजी किट बसून आलेली. मामांनी ती सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून मामी पहाटे चारला उठून जे काही रांधतात ते या गाडीतून तळवड्याच्या पोरांपर्यंत पोचतं. सकाळी पस्तीस डबे, रात्री जवळजवळ साठ. एमआयडीसीत शिफ्टला जाणारी, एका खोलीत चार-पाच जण राहणारी पोरं. रविवारी सुट्टी. जून २०२४ मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आलं. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या मोटारीची ही फीच ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. तपासणीत दिवे, हॉर्न, इंडिकेटर, वायपर सगळं चालू दिसायला हवं. पास झाली तर पाच वर्षं, नाही तर भंगार. आणि भंगारात निघाली तर नवीन गाडीचा हप्ता डब्याच्या पैशातून निघतो का, हे गणित मामी वहीच्या मागच्या पानावर मांडून बसल्या होत्या. ते पान मी पाहिलं. निघत नव्हता.

थोडं ओम्नीविषयी. ही गाडी १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षं! ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. सरकते दरवाजे. हिंदी सिनेमात अपहरण करायचं असेल तर दुसरी गाडी चालतच नसे. पण आपल्याकडे तिने रुग्ण नेले, शाळेची पोरं नेली, लग्नाचे आचारी आणि त्यांची पातेली नेली. ती बंद झाली ती अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले म्हणून. चालकाचे पाय जवळजवळ बंपरलाच टेकलेले असतात, त्यामुळे त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मात्र विजेच्या बाबतीत ही गाडी म्हणजे सरळ माणूस. कॉम्प्युटर आहे तो इंजिनापुरता. दिवे, हॉर्न, वायपर हे सगळं बॅटरी, फ्यूज, खटका, दिवा आणि पत्रा एवढंच. दिवसभर कोडमधले बग शोधणाऱ्याला, जिथे प्रत्येक वायर डोळ्यांनी दिसते अशी सिस्टिम म्हणजे चैन आहे हो!

तर शनिवारी सकाळी विकासनगरमध्ये, मामांच्या दारातल्या जांभळाखाली, मी आणि माझा मल्टिमीटर. (तपकीर गल्लीतून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घेतलेला. लॅबच्या जर्नलबाहेर त्याने आयुष्यात प्रथमच काही पाहिलं.)

पहिला नंबर ब्रेक आणि इंडिकेटरचा, कारण तो सगळ्यांत चमत्कारिक. या दुखण्यापायी एका गॅरेजने ब्रेकचा स्विच बदलला होता, दुसऱ्याने फ्लॅशर आणि चारही बल्ब. दोष जागच्या जागी. आता बघा, घरात दोन वायरी असतात, एक जाणारी आणि एक परतीची. गाडीत परतीची लांब वायर नसतेच. दिव्यातून निघालेला करंट जवळच्या पत्र्यात शिरतो आणि पत्र्यातूनच बॅटरीच्या निगेटिव्हला पोचतो. ह्याला सगळे 'अर्थ' म्हणतात, जरी त्याचा जमिनीशी काही संबंध नसला तरी. मागच्या एका दिव्याच्या घरात ब्रेकचा बल्ब, टेलचा बल्ब, इंडिकेटर असे सगळे शेजारी राहतात आणि त्यांची अर्थची वायर एकच. एका स्क्रूने पत्र्याला आवळलेली.

तो स्क्रू १५ पावसाळे खाऊन गंजला की काय होतं? शेतात बारं धरलेलं पाहिलं असेल तर लगेच कळेल. पाटाचं पुढचं तोंड बुजलं की पाणी थांबून राहत नाही, शेजारच्या वाफ्यात घुसतं आणि तिथून वाट काढतं. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला पत्र्यात जाता येत नाही, मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरीने थेट पुढच्या बंपरपर्यंत जातो आणि तिथल्या बल्बमधून चांगल्या अर्थला पोचतो. म्हणून पाय ब्रेकवर आणि उजेड पुढच्या इंडिकेटरमध्ये! मंद, कारण दोन-दोन बल्ब एकामागोमाग आलेले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र ब्रेकचा दिवा धड दिसत नाही आणि मामा उजवीकडे वळतायत असं वाटतं. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर रात्री साडेआठला हा गैरसमज फार महागात पडू शकतो.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून मोजलं. मामांनी ब्रेक दाबून धरला, मी मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. ही दोन्ही टोकं एकच असायला हवीत, म्हणजे फरक शून्याच्या आसपास, फार तर ०.१ व्होल्ट. आला ५.८. बॅटरीचं निम्मं व्होल्टेज एका गंजक्या स्क्रूवर खर्च होत होतं. मग एक सुटी वायर घेतली, अर्थपासून सरळ निगेटिव्हला लावली आणि इंडिकेटर विझला, ब्रेकलाइट लालबुंद. मामा आरशात बघून म्हणाले, "आयला!" (मामी बाहेर आल्यावर ते "अरे वा!" झालं.)

दुरुस्ती काय, तर पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीला नवीन थिंबल दाबली, नवा स्क्रू, खाली दातेरी वॉशर आणि वर ग्रीसचा बोट. वीस-पंचवीस रुपये. आधीच्या दोन गॅरेजांत मिळून चौदाशे गेले होते. त्यांना मी बेइमान म्हणणार नाही. बिलात 'स्विच बदलला' असं लिहिता येतं, 'दोन तास विचार केला' असं लिहिता येत नाही. गिऱ्हाईकही विचाराचे पैसे देत नाही. आमच्या धंद्यात तरी वेगळं काय आहे!

थिंबल आणायला स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो होतो. तिथे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पूर्वी डायनॅमो भरायचे, आता हात थरथरतो म्हणून फक्त सामान विकतात. माझ्या खिशातून डोकावणारा मीटर पाहून हसले. म्हणाले, "इंजिनिअर आहेस ना? ये, गंमत दाखवतो." टेबलावरच्या बॅटरीला त्यांनी एक जुनी वायर लावली, मधल्या जोडावर हिरवट बुरशी चढलेली. "माप." मीटर म्हणाला १२.६. "म्हणजे वायर चांगली?" मग त्यांनी त्याच टोकाला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. लागलाच नाही. आणि बल्ब लावलेला असताना मीटरवर आले फक्त तीन व्होल्ट. "मीटर काही मागतच नाही, मग त्याला कोण नाही म्हणणार?" चाचा म्हणाले. "बल्ब मागतो."

कारण साधं आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम. सडलेल्या जोडातूनही तेवढा करंट आरामात जातो आणि व्होल्टेज पूर्ण दिसतं. खरा भार टाकला की सोंग उघडं पडतं. म्हणून जुने मिस्त्री दोन वायरी सोल्डर केलेला एक बल्ब खिशात ठेवून फिरतात. आम्ही चार वर्षं ओहमचा नियम पाठ केला, चाचांनी तो होल्डरमध्ये बसवून ठेवलाय. 'मोजायचं ते भार चालू असताना' हे मी पुढच्या सगळ्या कामात धरून ठेवलं.

हेडलाइटचं तसंच निघालं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, दिव्याच्या मागे ११.२. जवळपास तीन व्होल्ट वाटेत गायब. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. व्होल्टेज २० टक्के घटलं की उजेड निम्म्याच्याही खाली येतो. मामांच्या डोळ्यांचा नंबर वाढलेला नव्हता! टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. अर्थवर ०.६, वायरी आणि कनेक्टरवर ०.८ आणि एकट्या स्टिअरिंगजवळच्या खटक्यात १.५. दोन्ही दिव्यांचा मिळून आठ-नऊ अँपिअर करंट त्या बोटाएवढ्या खटक्यातून जात होता. दीड व्होल्ट गुणिले नऊ अँपिअर म्हणजे साडेतेरा वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, त्याची निम्मी उष्णता मामांच्या हाताखालच्या प्लॅस्टिकमध्ये. खटक्याची मागची बाजू करपून तपकिरी झाली होती.

इथे आम्ही रिले घातले. लो बीमला एक, हाय बीमला एक. रिले म्हणजे दुसऱ्याच्या हातून काम करून घेणं. खटका फक्त रिलेच्या छोट्या कॉइलला हुकूम देतो, त्याला एक-दोन दशांश अँपिअर पुरे, आणि जड करंट बॅटरीपासून जाड वायरीने, मध्ये फ्यूज ठेवून, थेट दिव्याला. रिलेवर पायांचे नंबर छापलेले असतात, ३०, ८७, ८५, ८६. ते जगभर तेच, त्यामुळे गोंधळाला वाव नाही. दिव्याच्या मागे १३.६ आले. संध्याकाळी समोरच्या भिंतीवर उजेड पडला तेव्हा शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

आता खरी भीतीची गोष्ट. डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स उघडला तर एका फ्यूजच्या जागी फ्यूजच नाही. तांब्याच्या तारेचे पीळ! मामांना विचारलं तर म्हणाले, "तो सारखा उडायचा रे. मग एकाने डायरेक्ट करून दिलं. तेव्हापासून काही त्रास नाही."

फ्यूज उपकरणाला वाचवायला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो वायरीला वाचवायला असतो. स्टार्टरला शंभर अँपिअरच्या वर करंट देणारी बॅटरी शॉर्ट झालेल्या बारीक वायरीलाही तेवढ्याच उदारपणे देते. फ्यूज नसेल तर मग वायरच फ्यूज होते, आणि तिच्या अंगावर प्लॅस्टिक असतं. त्यात ही गाडी एलपीजीची. एलपीजी हवेपेक्षा जड. गळालाच तर उडून जात नाही, खाली फरशीवर साचतो, जिथे मॅटखालून सगळ्या वायरी गेलेल्या असतात. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. जाऊन सिलिंडरचा कॉक आवळून आले. मामी कधीकधी याच गाडीत मागे डब्यांच्या क्रेटना धरून बसतात.

नुसता नवा फ्यूज लावणं म्हणजे पुन्हा 'सारखा उडतो'. उडतो का, ते शोधायला हवं, आणि तो कधीकधीच उडतो ही पंचाईत. यावर एक जुनी युक्ती आहे. फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट झाला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाणार नाही, म्हणजे वायर जळत नाही, आणि शॉर्ट झाल्याक्षणी बल्ब फटकन पूर्ण पेटतो. मामांनी सांगितलेल्या हकिकतीवरून फ्यूज बहुतेक वेळा मागे घेताना उडायचा. म्हणून इंजिन बंद, किल्ली ऑन, गिअर रिव्हर्समध्ये. पुढे बल्बवर नजर ठेवायला मामा, मागे वायरी हलवायला मी.

पुढचा अर्धा तास म्हणजे दूरदर्शनचा अँटेना फिरवण्याचा कार्यक्रम होता. "लागला का?" "नाही." "आता?" "नाही... लागला! गेला. अरे परत कर ना काय केलंस ते!" शेवटी मागच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या एका भोकातून गेलेली लाल वायर हलवली की बल्ब उजळायचा. भोकाला रबरी ग्रोमेट नाही, कापल्यासारखी धार आणि वायरीचं कातडं तिथे सोललेलं. गाडी हादरली की तांबं पत्र्याला चिकटायचं.

ही वायर कंपनीची नव्हतीच. ती होती रिव्हर्स ट्यूनची. गिअर मागे टाकला की बीथोव्हेनची 'फ्यूर एलिझे' वाजवणारी ती डबी आठवते? (बिचाऱ्याने व्हिएन्नात बसून लिहिली आणि वाजते कुठे, तर देहूरोडच्या गल्लीत मागे येणाऱ्या ओम्नीत.) आधीच्या मालकाने ती हौसेने बसवली होती. एकूणच या गाडीत कंपनीच्या वायरिंगने फार कमी त्रास दिला. त्रास दिला तो नंतरच्या पाहुण्यांनी. फॉग लॅम्प, दोन सुरांचा हॉर्न, देवाच्या फोटोभोवतीची निळी एलईडी पट्टी... प्रत्येकाने मिळेल ती वायर सोलून, तिला पीळ देऊन, काळी टेप गुंडाळून आपापला संसार थाटलेला. उन्हाने टेपचा डिंक वितळतो आणि उरतो तो उघडा पीळ. आम्ही अशा अकरा जागा मोजल्या. त्यातल्या सात वायरी कुठेच जात नव्हत्या, त्या कापून टोकं बंद केली. उरलेल्या चारांना नीट क्रिंप आणि वर हीटश्रिंक.

राहिला सोमवारचा 'कट्ट'. दीड वर्षात मामांनी दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या, प्रत्येकी साडेतीन-चार हजारांच्या. हे काम दुसऱ्या शनिवारी रात्री काढलं. सगळं बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि मध्ये मीटर घातला. अशा गाडीत किल्ली काढल्यावर फार तर ३०-५० मिलिअँपिअर जावेत. जात होते ४१०. हिशेब करा. शनिवारी रात्री दहाला उभी केलेली गाडी सोमवारी पहाटे पाचला सुरू करायची, म्हणजे ३१ तास. जवळपास १३ अँपिअर-अवर गेले. बॅटरी ३५ ची, नवी असेल तर कदाचित सोसेल. वर्षभर दर रविवारी असं उपाशी ठेवलं तर कुठली सोसेल?

एकेक फ्यूज काढत गेलो. रेडिओचा काढला आणि आकडा धपकन खाली आला. पण रेडिओ तर नव्हताच! तो २०१६ मध्येच चोरीला गेला होता, डॅशबोर्डमध्ये नुसतं भोक. मग सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, मॅटवरून हात फिरवत गेलो. डाव्या सीटच्या मागे एका जागी मॅट कोमट लागली. खाली धुळीने माखलेला ॲम्प्लिफायर. रेडिओ चोरणाऱ्याला तो दिसला नसावा. रेडिओच्या गठ्ठ्यात पिवळी वायर म्हणजे कायमची बॅटरी आणि निळी म्हणजे ॲम्प्लिफायरला 'जागा हो' सांगणारी. चोरीनंतर कुणीतरी लोंबणाऱ्या वायरी एकत्र पिळून ठेवल्या होत्या, त्यात पिवळी-निळी एकमेकींना लागलेल्या. झालं! आठ वर्षं हा ॲम्प्लिफायर दिवसरात्र जागा राहून, न येणाऱ्या गाण्याची वाट बघत बसला होता. मामींनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "हाच का तो? दोन बॅटऱ्या खाल्ल्या मेल्याने." तो काढल्यावर मीटरवर आले २२ मिलिअँपिअर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. साहेबांनी सगळे दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला, दोन मिनिटांत काम झालं. नोंदणी २०२९ पर्यंत. सगळा खर्च रिले, वायर, फ्यूज, थिंबल धरून अकराशेच्या आसपास.

एवढं झाल्यावर मामांनी विचारलं, "आणि ते म्युझिक?"

मला आधी कळेना. मी म्हटलं, "मामा, त्या डबीनेच तर फ्यूज उडत होता. आता कशाला पाहिजे ती?" तेव्हा त्यांनी सांगितलं की तळवड्याला चाळीच्या बोळात गाडी वळवता येत नाही, रोज मागे घ्यावी लागते, आणि वरच्या मजल्यावरची पोरं त्या ट्यूनवरच डबा घ्यायला खाली येतात. गेले चार दिवस मामा प्रत्येकाला फोन करत होते. साठ फोन. काहींची रात्रपाळी, झोपलेली असतात, फोन उचलत नाहीत, मग डबा दाराशी ठेवून यायचं आणि मांजर...

रविवारी डबी परत बसवली. भोकाला ग्रोमेट, वायरीला नळी, स्वतःचा वेगळा दोन अँपिअरचा फ्यूज. आवाज थोडा चिरका झालाय. आत पाणी गेलं असावं. मामा म्हणाले चालतंय. पेट्रोलचा काटा मात्र अजून कायम अर्ध्यावर असतो. टाकी भरा, रिकामी करा, अर्ध्यावर. त्याचीही अर्थच असणार असा संशय आहे, पण टाकी खाली उतरवावी लागेल आणि त्या दिवसापासून पाऊस लागलाय.